शिवणीतला निळा रंग

पोर्टलंड,
५ ऑक्टोबर २०११

प्रिय लिडिया,

तू बरी असशील. मी बरी आहे. थंडी सुरू झाल्यापासून गुडघा कुरकुरतो, पण तो माझा गुडघा, गप्प कसा बसेल? परसातल्या सफरचंदांना यंदा कीड लागली नाही. एक पेटी तुझ्यासाठी बाजूला काढली आहे, सफरचंद भरून भाजायचा तुझा तो ॲपल पाय करायला. तू भांडत असलीस तरी तो करतेसच, हे मला ठाऊक आहे.

पत्रास कारणही तुला ठाऊक आहे. फोनवर तू मला तीनदा मध्येच तोडलंस. शेवटी म्हणालीस, "रोडा, तुला भाषण करायचं असेल तर सभागृह भाड्यानं घे." सभागृहापेक्षा टपालाचं तिकीट स्वस्त आहे. शिवाय कागदाला फोन आपटता येत नाही.

मी सोमवारी बोस्टनला जाऊन आले. तुझं चित्र पाहिलं. लिलावघरानं ते एका वेगळ्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी, टेबलावर उताणं ठेवलं होतं. मिस्टर एलरी नावाचे गृहस्थ माझ्यासाठी थांबले होते. गोड माणूस. इतका गोड, की दात दुखायला लागतात.

"मिस मर्चंट, तुमच्या एका सहीपुरतंच काम अडलंय बघा," ते म्हणाले. "हे चित्र जूलियन कार्स्टेअर्सचं आहे असं पहिल्यांदा तुम्हीच लिहिलंत. सगळी पुस्तकं तुमचाच दाखला देतात. त्यावर आता पुन्हा एकदा सही केलीत, की झालं."

मी म्हटलं, "आधी बघू द्या."

सकाळी दहापासून तीनपर्यंत बघितलं. तीन वाजता म्हटलं, "मी सही करणार नाही."

ते हसले. ही माणसं वाईट बातमीला आधी हसतात. "शंका सगळ्यांनाच असते हो. म्हणून तर आमच्याकडे सोयीचे शब्द असतात. ‘कार्स्टेअर्सचं मानलं जातं’ एवढंच लिहा."

"कोण मानतं?"

"तुम्हीच मानता की, मिस मर्चंट! एकोणऐंशीपासून."

लिडिया, माझ्या साऱ्या आयुष्यात मला कोणी इतकं बिनतोड उत्तर दिलं नव्हतं, आणि मी मंत्र्यांशी भांडलेली बाई आहे.

आता तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहिते, कारण ते एकदा कागदावर ओळीनं यायला हवं. चित्र १९१४ च्या उन्हाळ्यातलं. आपल्या गावचं, सॉल्टर्स कोव्हचं बंदर, पण बंदरासारखं बंदर नाही: पाणी, धक्का, बोटी सगळं सपाट तिरप्या तुकड्यांत कापून एकावर एक मांडलेलं, आणि मध्ये तो निळा, ज्याच्याकडे बघून आपली आई म्हणाली होती, "याला थंडी वाजत असेल." सही नाही. कापड शिडाचं. चौकटीमागे पेन्सिलीनं ‘जे. सी.’. तुझ्या वॉरनच्या आईला, म्हणजे तुझ्या सासूबाईंना, ते त्यांच्या घराच्या मागच्या माळ्यावर सापडलं, त्याच टिबेट्स हाऊसमध्ये, जिथे उन्हाळ्यात पाहुणे ठेवायचे आणि जिथे त्या वर्षी कार्स्टेअर्स तीन आठवडे राहिला होता. तोवर अमेरिकेत असं चित्र काढणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतला एक आपल्या गावात जेवलेला. मग आणखी काय हवं होतं?

मी सांगते काय हवं होतं. ते ‘जे. सी.’ वॉरनच्या आजीच्या अक्षरात आहे. पाहुणा काही विसरून गेला, की ती त्यावर त्याच्या नावाची अक्षरं घालून माळ्यावर टाकायची. तशी अक्षरं त्या माळ्यावर एका छत्रीवर होती, दोन बुटांवर होती आणि एका गळाच्या काठीवर होती. छत्री कार्स्टेअर्सनं बनवली असं कोणी म्हटलं नाही.

आणि ती शिवण. खालच्या बाजूला वीतभर रुंदीची पट्टी कापडाला जोडली आहे. पट्टीवर कापडाची कड चढवून दोन्ही बाजूंनी बारीक तिरपे टाके, शिडं शिवतात तसे. लिलावघराच्या नव्या सूक्ष्मदर्शक यंत्राखाली बघितलं तेव्हा दिसलं, की दाभणाच्या भोकांमध्ये निळा रंग उतरलेला आहे. दोऱ्यालाही आतपर्यंत निळा लागलेला आहे. आणि मग त्याच टाक्यांवरून पुन्हा निळा पुढे पट्टीवर गेला आहे. अर्थ सरळ आहे. आधी चित्र, मग शिवण, मग पुन्हा चित्र, आणि सगळं रंग ओला असताना. कापड अपुरं पडलं म्हणून चित्रकारानं कुंचला खाली ठेवला, दाभण उचललं, पट्टी जोडली आणि काम पुढे चालू केलं.

कार्स्टेअर्स न्यूयॉर्कच्या बँकवाल्याचा मुलगा. त्याच्या शर्टाचं बटणसुद्धा कोणी दुसरं लावायचं.

म्हणून सही करणार नाही. रागावायचं असेल तर रागाव, पण पत्र फाडू नकोस. पेटी शुक्रवारच्या बसनं येईल.

तुझी,
रोडा


पोर्टलंड,
१४ ऑक्टोबर २०११

प्रिय लिडिया,

तुझं पत्र आलं. चार पानं! वॉरन गेल्यापासून इतकं तू माझ्याशी बोलली नव्हतीस. राग येतो तेव्हा तुझं अक्षर सुंदर होतं, हे मी विसरले होते. सफरचंदं गोड निघाली असं शेवटी लिहिलंस, म्हणजे सगळं संपलेलं नाही.

आता एकेक मुद्दा.

तू लिहितेस: "त्यानं गावातल्या कुणा बाईकडून शिवून घेतलं असेल. मी चाळीस वर्षं वॉरनच्या पँटी शिवल्या, म्हणून त्या माझ्या झाल्या का?" वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. हा टोला आपल्या वडिलांना आवडला असता. पण ऐक. चित्रातल्या बोटींचे दोर, डोलकाठ्यांच्या रेघा, लाटांवरचे ओरखडे, हे कुंचल्यानं काढलेलंच नाही. ओल्या रंगात टोकदार वस्तूनं ओढलेलं आहे. पुस्तकांत लिहिलंय की कुंचल्याच्या मागच्या दांड्यानं. मी प्रत्येक रेघ जिथे सुरू होते तिथलं टोक पाहिलं. तिथे बारीक खळगा आहे, तीन कोनांचा. दांडा गोल असतो. तीन कोनांचं टोक शिडाच्या दाभणाचं असतं, जाड कापडातून पार जावं म्हणून. त्या खळग्यांपैकी अर्धे पट्टीवर आहेत, अर्धे वर. आणि सगळ्या रेघा डावऱ्या हाताच्या कलानं पडल्या आहेत, टाकेही तसेच. कार्स्टेअर्स उजवा होता. म्हणजे ज्या हातानं शिवलं त्याच हातानं, त्याच दाभणानं चित्र काढलं. पँट तू शिवलीस, लिडिया, आणि घातलीसही तूच.

तो हात लोव्हिना बीलचा होता. बीलांच्या शिडं शिवायच्या माळ्यावर ती वयाच्या चौदाव्या वर्षापासून बसायची. डावरी होती. धक्क्यावरच्या छोट्या संग्रहालयात तिनं शिवलेली एक खलाशाची पिशवी आहे, खाली ‘एल. बी.’. गेल्या आठवड्यात तिथे जाऊन टाके जुळवून आले. तुझ्या घरावरूनच गेले. दिवा दिसला, पण आत आले नाही. चित्र तिचं होतं, असं गावात बोललंही जायचं.

फोनवर मी तिचं नाव घेतलं होतं, त्यावर तू म्हणतेस, शिडं शिवणाऱ्या बाईला ही कला कुठून येणार, ती तर पोर्टलंडच्या पुढे कधी गेली नव्हती. हे तू म्हणतेस! तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. विद्वानांनी म्हटलं तर मी समजू शकते, त्यांचा धंदाच तो आहे. नवं जे काही आलं ते पॅरिसहून बोटीत बसून आलं, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरलं, आणि तिथून ज्याच्या खिशात भाड्याला पैसे होते त्यानं ते घरी नेलं, हा यांचा सगळा इतिहास. मी विचारते, शिडाच्या माळ्यावर तू कधी उभी राहिली आहेस का? आपण लहानपणी राहिलो होतो. आठव. जमीन गुळगुळीत घासलेली, तिच्यावर भलीथोरली पांढरी शिडं पसरलेली, तिरप्या कडा एकमेकींवर चढलेल्या, आणि समोर दोन्ही दारं उघडी, त्यातून बंदर. जी बाई वीस वर्षं जगाकडे त्या जमिनीवर गुडघे टेकून बघते, तिला जग सपाट तिरप्या तुकड्यांत दिसतं, यात पॅरिसचा काय संबंध? तिनं नवी कला शोधली नाही. तिला दिसत होतं ते तिनं काढलं. नवं ते पाहणाऱ्यांना वाटलं, कारण ते कधी गुडघ्यांवर बसले नव्हते.

आणि त्या शिवणीबद्दल काय काय लिहिलं गेलं, माहीत आहे? ‘चित्राची चौकट मोडण्याचा अमेरिकेतला पहिला धाडसी प्रयत्न.’ ‘कापडालाच प्रश्न विचारणारा कलावंत.’ प्रबंध आहेत यावर! लोकांना पदव्या मिळाल्या आहेत! बिचाऱ्या बाईला पाणी काढायला जागा उरली नाही, म्हणून तिनं पट्टी जोडली. माळ्यावर सगळ्याच बायका अपुऱ्या कापडाला पट्टी जोडायच्या. पण हातात दाभण न धरलेल्या माणसांनी शिवण पाहिली आणि त्यांना तत्त्वज्ञान दिसलं. यांतला पहिला शहाणा कोण होता, ते तू पत्रात मोठ्या अक्षरांत लिहिलंसच: "ते धाडसी प्रयत्नाचं वाक्य तुझं आहे, रोडा. तुझ्याच अहवालातलं. माझ्याकडे प्रत आहे."

आहे. माझंच आहे. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, संग्रहालयातल्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं, डोळा कच्चा होता. चुकले. माणसं चुकतात.

आता घराचं. टिबेट्स हाऊसचं छप्पर, पाया आणि समोरच्या खांबांना लागलेली वाळवी, सगळं तू लिहिलंस. उन्हाळ्यातले पाहुणे घर मागायला दारात येतात, हेही. "तुझं तत्त्व राहील आणि माझ्या घरात बोस्टनचा दंतवैद्य राहायला येईल," हे वाक्य मी दोनदा वाचलं. लोव्हिनाच्या नावानं ते चित्र विकलं, तर त्यातून छपराची एक बाजू होईल, फार तर. हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असून मी सही नाकारते आहे. माझ्यावर असा आरोप कर की मी निर्दय आहे. अज्ञानी आहे, असा करू नकोस.

पण एक मात्र नीट समजून घे. खोटं नाव घालून ते घर वाचवलंस, तर दर वेळी जिना चढताना तुला ते पायाखाली लागेल. मला लागतं.

तुझी,
रोडा

ता. क. दंतवैद्यांपैकी कोणी आलाच, तर त्याला खांब आधी दाखव.


पोर्टलंड,
२४ ऑक्टोबर २०११

लिडिया,

तुझं कार्ड शनिवारी आलं. तीन ओळी. पोस्टमननंही वाचल्या असणार, कारण त्यानं माझ्याकडे वर न बघता कार्ड हातात दिलं.

"असं गावात बोललं जायचं, म्हणे. कोण बोलायचं, रोडा? दोन पत्रांत तू तिचं नाव एकदाही लिहिलं नाहीस. मी त्या शनिवारी तिथे होते."

कार्ड दोन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. उलटं ठेवलं, तरी ते वाचता येत होतं. मी आयुष्यभर लोकांना उभं राहून बोलायला शिकवलं. गावसभेत, कॉलेजात, संपावरच्या गिरणीच्या दारात. आणि इथे एक नाव लिहायला मला बसून दोन दिवस लागले.

केझाया बील.

घे. लिहिलं.

आता सगळं लिहिते. तू मध्ये तोडू नकोस.

१९७९ चा ऑक्टोबर. वॉरनच्या आईनं चित्र खाली आणून जेवणघरातल्या कपाटावर टेकवलं होतं, आणि मी अहवाल लिहायला आठवडाभर तुमच्याकडे उतरले होते. शनिवारी सकाळी, खिडकीशी, मी साधं भिंग घेऊन ती शिवण पाहिली. लिडिया, मला निळा दिसला. दोऱ्याला लागलेला निळा, भोकांत उतरलेला निळा. नवं यंत्र वगैरे मी पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं आहे. यंत्रानं मला तीन कोनांचे खळगे दाखवले. निळा मला बत्तीस वर्षांपूर्वी दहा डॉलरच्या भिंगातून दिसला होता, लख्ख, आणि त्याचा अर्थ मला त्याच मिनिटाला कळला होता. डोळा कच्चा नव्हता. माझा डोळा कधीच कच्चा नव्हता.

पण त्या आठवड्यात मला कार्स्टेअर्स हवा होता. एका मुलीला, खेड्यातल्या पाद्र्याच्या मुलीला, जिला संग्रहालयात सगळे ‘ती टाइप करणारी’ समजायचे, तिला माळ्यावर कार्स्टेअर्स सापडतो! त्याऐवजी मी काय घेऊन जाणार होते? शिडं शिवणारी एक बाई, जिचं दुसरं चित्र नाही? मी भिंग मिटलं. वहीत लिहिलं, ‘शिवण: मूळची. धाडसी.’

त्याच संध्याकाळी गावच्या सभागृहात नेहमीचं शनिवारचं जेवण होतं. बीन्स, काकवीचा वाफवलेला पाव, आणि शेवटी ॲपल पाय. सगळं गाव होतं. जेवणं झाल्यावर, पाय वाढायच्या आधी, तुझ्या सासूबाईंनी चमच्यानं पेला वाजवला आणि मला उभं केलं. मी चित्राबद्दल बोलले. किती छान बोलले मी! बायका चमचे खाली ठेवून ऐकत होत्या.

मग मागच्या टेबलावरून केझाया उठली. तेव्हा पंचाहत्तरची असेल. पुरुषाचा स्वेटर, कोपरांवर ठिगळं. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली.

म्हणाली, "छान बोललीस पोरी. पण ते चित्र माझ्या आत्याचं आहे. लोव्हिनाआत्याचं. ती ते माळ्यावर जमिनीवर टाकून काढत होती, आणि कापड पुरेना, तेव्हा मला म्हणाली, केझी, दोऱ्याला मेण लाव. मी लावलं. नऊ वर्षांची होते मी. हात निळे झाले म्हणून आईनं मारलं, ते कसं विसरेन?"

कोणीतरी खोकललं. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "मग आमच्या माळ्यावर कसं आलं, केझाया? उडत?"

"तो न्यूयॉर्कवाला म्हणाला, मी तिकडे लोकांना दाखवतो. आत्यानं दिलं. सप्टेंबरात तो गेला, आणि चित्र राहिलं तुमच्याकडेच, त्याच्या छत्रीबरोबर. आत्याला वाटत राहिलं की ते न्यूयॉर्कला आहे. मरेपर्यंत वाटत होतं."

"आणि बाकीची चित्रं? एकच काढलं होय?"

"काढली की. पाच-सहा होती. लाकडांच्या ढिगावर झाकायला गेली. चांगलं जाड कापड होतं."

बघ, लिडिया, तिनं सगळं सांगितलं होतं. मेण लावलेला दोरा, अपुरं कापड, निळे हात. मी सकाळी भिंगातून पाहिलेलं एकूण एक. त्या खोलीत एकच माणूस होतं ज्याला ठाऊक होतं की ही बाई खरं बोलते आहे, आणि ते माणूस अजून उभं होतं, सगळं गाव त्याच्याकडे उत्तरासाठी बघत होतं.

मी काय म्हणाले ते तुला आठवतं. तू विसरलेली नाहीस, म्हणून तर कार्ड पाठवलंस. पण ते माझ्या हातानं लिहिलं जायला हवं.

मी म्हणाले, "मिस बील, तुमच्या आत्यानं कार्स्टेअर्सचं चित्र काढलं असेल, तर मग त्या उन्हाळ्यात त्या बिचाऱ्यानंच मासेमारीच्या बोटींची शिडं शिवली असतील. म्हणून तर त्या वर्षी इतक्या बोटी बुडाल्या!"

सभागृहात हशा फुटला. पुरुषांनी टेबलं बडवली. सगळ्यात आधी तू हसलीस. तुला दोष देत नाही. मी तुझी मोठी बहीण होते, शहरातून आलेली, आणि तुला माझा अभिमान वाटत होता. तो तुझ्या चेहऱ्यावर दिसत होता आणि मी त्याच्यासाठीच बोलले होते.

केझाया हसणं थांबायची वाट बघत उभी राहिली. मला वाटलं ती पुन्हा बोलेल. ती एवढंच म्हणाली, "त्या वर्षी एकही बोट बुडाली नव्हती," आणि खाली बसली. ते कुणालाच ऐकू आलं नाही. मला आलं. तिनं आपल्या वाट्याचा ॲपल पाय पुरा खाल्ला, ताटली स्वयंपाकघरात नेऊन धुतली, आणि गेली. त्यानंतर ती शनिवारच्या जेवणाला कधी आली नाही. तू मला त्या हिवाळ्यात कौतुकानं लिहिलं होतंस, "तुझ्या त्या उत्तरावर गाव अजून हसतं." आणि पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात लिहिलंस, की केझाया बील गेली.

मी अश्रू ढाळत नाही आहे, गैरसमज नको. मी संतापले आहे. बत्तीस वर्षं मी ठिकठिकाणी उभी राहून सांगत आले, की ज्यांच्या हातांनी काम झालं त्यांची नावं भिंतीवर लागली पाहिजेत. लोक टाळ्या वाजवत. मीही स्वतःच्या बोलण्यावर विश्वास ठेवत असे, हे त्यातलं सर्वांत भयंकर. आणि त्या सगळ्या वेळात, ते चित्र प्रदर्शनाला जिथे जिथे गेलं त्या संग्रहालयांच्या भिंतींवर, माझ्या सहीनं एका बाईच्या कामावर बँकवाल्याच्या मुलाचं नाव लटकत होतं. असं करणारं माणूस मला इतरत्र कुठे भेटलं असतं, तर मी त्याला सभेतून हाकलून दिलं असतं.

आज सकाळी मी बोस्टनला फॅक्सनं निवेदन पाठवलं. एक प्रत कार्स्टेअर्सची सूची छापणाऱ्यांना, एक तुला, या पत्रासोबत. त्यात चार वाक्यं आहेत. हे चित्र जूलियन कार्स्टेअर्सचं नाही. ते सॉल्टर्स कोव्हच्या लोव्हिना बीलनं १९१४ साली काढलं. याचा पुरावा मी १९७९ साली पाहिला आणि लपवला. केझाया बीलनं तेव्हाच सर्वांसमक्ष खरी साक्ष दिली होती आणि मी तिला खोटं पाडलं. मिस्टर एलरींचा दुपारी फोन आला. "मिस मर्चंट, शेवटची दोन वाक्यं काढलीत तरी चालेल हो, तुमचीच अब्रू राहील." मी म्हटलं, "ती दोनच ठेवून पहिली दोन काढली तरी चालेल, पण तुम्हाला ते आवडणार नाही."

नोकरी आता नाही, ती कोणी काढून घेणार नाही. सन्मानाच्या पाट्या आहेत, त्या घेऊ देत. भिंतीला भोकं राहतील, त्यांना रंग लावीन.

तुझ्या घराचं काय होईल, मला ठाऊक नाही. तुझ्या डोक्यावरचं छप्पर मी काढते आहे, आणि ‘सत्यासाठी’ असं म्हणून त्याला फुलं चिकटवणार नाही. तुला मला शिव्या द्यायचा हक्क आहे, पुढची बत्तीस वर्षं. त्या नावानं ते चित्र विकायचा नाही. तो मला तुला देता येत नाही, कारण तो माझाही नव्हता.

या शनिवारी, २९ तारखेला, मी चारच्या बसनं येते आहे. सभागृहात जेवायला जाईन. ॲपल पाय वाढायच्या आधी पेला मीच वाजवीन आणि उभी राहीन. मी क्षमा मागायला येत नाही. जिच्याकडे मागायची ती गेली, आणि तिच्या वतीनं क्षमा करायचा गावाला काय अधिकार? गाव तर हसलं होतं. मी सांगायला येते आहे. तिनं काय सांगितलं ते, शब्दाला शब्द, आणि मी काय उत्तर दिलं तेही, शब्दाला शब्द. कोणाला त्यावर आजही हसू आलं, तर हसू दे. मी थांबेन. हसून झालं की पुढे बोलेन.

तू यावंस असं मी म्हणत नाही. घराचे दिवे बंद करून बसलीस, तर मला समजेल, परतीची बस सातला आहे. पण आलीस, तर पुढच्या टेबलाशी बस, लिडिया. त्या खोलीत मला तुझ्याकडे बघून बोलायची सवय आहे, आणि या वेळी तू हसणार नाहीस, एवढं बघायला मला तिथे कोणीतरी हवं आहे.

निवेदनाखाली केली तीच सही इथे करते. त्याच हातानं, पूर्ण नावानं.

तुझी बहीण,
रोडा एलेन मर्चंट